कापलेल्या पट्टीवरून औषध सापडेल असा मराठी औषधकोश काढायचाय, कुणी हात देईल का?

देगलूर_मेडिकल

नमस्कार. देगलूर तालुक्यात बाजाराच्या गावी माझं मेडिकल आहे. डी. फार्म. झाल्यापासून १४ वर्षं एकाच काउंटरमागे उभी आहे. प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी दोन प्रसंग सांगते.

सोमवारी बाजाराला एक आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पट्टीचा तुकडा काउंटरवर ठेवला. दोन गोळ्या, मागच्या चंदेरी कागदावर '…डिपिन ५' एवढंच उरलेलं. "ह्याच्यातल्या धा दे माय." आता ही अॅम्लोडिपिन की सिल्निडिपिन? दोन्ही बीपीच्या, दोन्ही ५ मध्ये मिळतात. मी त्यांचे पाय पाहिले. घोट्याच्या वर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटला होता, इतके सुजलेले. अॅम्लोडिपिननं काही जणांचे पाय सुजतात, सिल्निडिपिननं ते प्रमाण कमी असतं. कुणीतरी त्या सुजेसाठी त्यांना लघवीची गोळीही चालू करून दिली होती. म्हणजे एका गोळीनं आलेल्या त्रासावर दुसरी गोळी. आजींना दोन्हींची नावं माहीत नाहीत, घरात इंग्रजी वाचणारा नातू पुण्याला. गोळी द्यायच्या आधी चिठ्ठी आणा म्हणून मी त्यांना परत पाठवलं, आणि दिवसभर ते डोक्यात राहिलं. कारण पट्टी कापणारी कात्री आमचीच असते. कितीतरी गिऱ्हाइकांकडे पैसे दोन गोळ्यांचेच असतात, दहाची पट्टी कुठून घेणार? १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला, पण कात्री फिरली की तोही गेला.

दुसरा प्रसंग उन्हाळ्यातला. आमच्या गल्लीतला एक दहावीतला पोरगा दुपारी धापा टाकत आला, मुठीत रिकामी पट्टी चुरगाळलेली. "ताई, हे दारूवर घेतलं तर काय होतं?" मूठ उघडली तर नायट्राझेपाम. ज्याला संभाजीनगरकडे आणि आता आमच्याकडेही 'बटन' म्हणतात ते. त्याचा मोठा भाऊ शेतातल्या आखाड्यावर उताणा पडला होता, घोरल्यासारखा आवाज येत होता. सोबतची पोरं म्हणत होती झोपू द्या, उतरंल. मी १०८ ला फोन लावला आणि पळत जाऊन त्याला कुशीवर केला. गाडी आली तेव्हा ती पोरं सांगत होती, "काही नाही घेतलं, ऊन लागलं." पोलिसांची भीती. ती पट्टी मी दाखवली नसती तर डॉक्टरांनी उष्माघात धरून सलाईन लावलं असतं. पोरगा वाचला.

नंतर मी त्या लहान्याला विचारलं, मला विचारायच्या आधी मोबाइलवर पाहिलं होतंस का? म्हणाला, पाहिलं, पण मराठीत काहीच निघालं नाही, 'नशा उतरवण्याचे उपाय' म्हणून लिंबू-पाणी निघालं. मी रात्री बसून शोधलं. खरंच तेच निघतं. इंग्रजीत मात्र नशेच्या पदार्थांवर सरळ, न घाबरवता लिहिलेले संग्रह कितीतरी वर्षांपासून आहेत. इरोविड १९९५ पासून चालू आहे. लोकांनी लोकांसाठी लिहिलेलं, एकेका पदार्थाला एकेक पान: शरीरात काय होतं, कशाबरोबर घेतल्यास जीव धोक्यात येतो, कधी दवाखाना गाठायचा.

मला असा कोश मराठीत पाहिजे. दवाखान्यातली औषधं आणि नशेचे पदार्थ एकाच छताखाली, कारण आमच्याकडे ती रेषच राहिलेली नाही. झोपेची गोळी तीच, खोकल्याचं औषध तेच. तेलंगणाच्या हद्दीवर शिंदी म्हणून जे विकतात त्यात झाडाचा रस किती आणि क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम किती हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं. पुरवठा तुटला की तीच माणसं थरथरत, भास होत दवाखान्यात येतात, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलंय. बाजारातल्या गुडघेदुखीच्या पुड्यांचंही तसंच. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं तेव्हा चार दिवसांत बाई पळायला लागते, चार महिन्यांत चेहरा फुगतो, आणि एकदम बंद केलं तर बीपी पडून कोसळते.

मी ठरवलेलं एवढंच: कुठं मिळतं, कसं बनवतात आणि नशेसाठी किती घ्यायचं, ह्या तीन गोष्टी एकाही पानावर येणार नाहीत. बाकी सगळं खुलं. पण लिहिणार कोण, तपासणार कोण, आणि कुणी रात्रीतून चुकीचा आकडा घातला तर पकडणार कसं? मला औषधं कळतात, संगणकातलं कळत नाही. ज्यांनी असं काही उभं केलंय त्यांनी सांगावं.

---

परभणीचे_गुरुजी

ताई, मी निवृत्त शिक्षक, मराठी विकिपीडियावर नऊ वर्षं लिहितो. आधी तुमच्या भीतीचं उत्तर. मीडियाविकी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विकिपीडिया त्याच्यावरच चालतो. प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, कुणी कधी कोणता शब्द बदलला ते दिसतं, आणि एका टिचकीत जुनं परत आणता येतं. त्याहून पुढचं म्हणजे, न तपासलेला बदल वाचकाला दाखवायचाच नाही अशी सोय जोडता येते. जर्मन विकिपीडियावर ती २००८ पासून आहे. औषधाच्या कोशाला ती हवीच. लिहू दे सगळ्यांना, वाचकाला दिसेल तपासलेलंच.

मराठी विकिपीडियावरच का नको, असं कुणी विचारील. तो १ मे २००३ पासून आहे, माणसं आहेत. पण विश्वकोशाचं काम वेगळं. इंग्रजी विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखांतसुद्धा मात्रा लिहू नये असाच संकेत आहे. आणि 'दारूवर घेतल्यास कुशीवर झोपवा' हे तिथं सल्ला म्हणून उडवलं जाईल. तुमचा कोश निराळा असलेलाच बरा, फक्त परवाना विकिपीडियाचाच, मजकूर खुला ठेवणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा ठेवा, म्हणजे इकडचं तिकडं नेता येईल. कंपन्यांच्या माहितीपत्रकातलं जसंच्या तसं उचलू नका, हे पहिल्या दिवसापासून सांगा. मराठीत लोकांना ती सवय फार आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. 'पुनर्निर्देशन' म्हणून एक प्रकार आहे. पानाचं खरं नाव 'नायट्राझेपाम' ठेवायचं, आणि 'निट्राझेपाम', 'नायट्राझिपॅम', 'बटन', 'बटण', 'बटन गोळी' असल्या प्रत्येक शब्दावरून वाचक त्याच पानावर पोचवायचा. आजींच्या तुकड्यासाठीही हेच. '-डिपिन' लिहिलं की एक पान उघडावं, ज्याच्यावर शेवटी डिपिन येणाऱ्या सगळ्या गोळ्या शेजारी-शेजारी असतील. औषधशास्त्रात शेवटची अक्षरं कुळ सांगतात म्हणे. कात्रीनं पहिली अक्षरं गेली तरी आडनाव उरतं, ते आपल्या कामाचं.

आणि आकडे, धोके, कोणाबरोबर चालत नाही, हे वाक्यांत गुंफू नका. साचा करा. एकाच ठिकाणी लिहिलेलं दहा पानांवर दिसलं पाहिजे, म्हणजे चूक दुरुस्त करताना एकच जागा. केतकरांनी कंपनी काढून, तिचे शेअर विकून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले, तेव्हा एक चूक सुधारायची तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागायची. आपल्याला रात्री साडेअकराला सुधारता येते, ह्याचं मोल शिक्षक म्हणून मला फार वाटतं. साचे मी करून देतो.

---

अंबाजोगाई_फिजिशियन

मी मेडिसिनचा डॉक्टर. कल्पना मनापासून पटली, म्हणूनच अडचणी स्पष्ट लिहितो.

गोळी रंगावरून, आकारावरून ओळखायची सोय देऊ नका. आपल्याकडच्या कितीतरी गोळ्यांवर काहीच कोरलेलं नसतं. पांढरी, गोल, मध्ये रेघ, अशी गोळी बीपीची असते, साखरेची असते, थायरॉइडचीसुद्धा असते. गुरुजींचं '-डिपिन' पान ठीक, पण त्याच्या डोक्यावर ठळक लिहा की ह्या शक्यता आहेत, ओळख नाही. चिठ्ठी किंवा अख्खी पट्टी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

लहान मुलांची मात्रा मिलीमध्ये लिहूच नका. पॅरासिटामॉलचंच घ्या. सिरपच्या ५ मिलीत १२५ मिग्रॅ असतं, दुसऱ्या बाटलीत त्याच ५ मिलीत २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. थेंबांची बाटली चमचा भरून पाजली तर एका घोटात ५०० मिग्रॅ पोटात. हे मी रात्रपाळीत पाहिलेलं आहे, आईची काहीही चूक नव्हती, तिला 'एक चमचा' एवढंच सांगितलेलं. त्या पानावर तिन्ही बाटल्यांचे फोटो शेजारी ठेवा आणि आकड्याभोवती गोल काढा. मोठ्यांच्या पानावर हे लिहा की सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० बरोबर ३२५ ते असतंच. वर डोलो ६५० घेतली की दिवसाचा हिशेब कुणाच्याच ध्यानात राहत नाही, आणि भोगतं यकृत.

हृदयाच्या दुखण्यावर सॉर्बिट्रेट घेणाऱ्यानं ताकदीची गोळी म्हणून सिल्डेनाफिल घेतली तर बीपी खाड्कन पडतं. हे लाजेमुळे कोणी विचारत नाही, तेव्हा हे पान लवकर घ्या.

आणि एक विनंती. फवारणीच्या औषधांना कोशात जागा द्या. लोक त्यांनाही औषधच म्हणतात, आणि मराठवाड्यात आमचे वॉर्ड त्यांनीच भरतात. तिथं लांब लेख नको. तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी: ताबडतोब १०८. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, अंगावरचे कपडे काढून अंग साबणानं धुवा, डबा सोबत आणा. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, ह्यावरून विषाची तीव्रता कळते, पण हिरवा म्हणजे निर्धोक असं कुणी समजू नये. उतारा औषध कोणतं आणि किती, ते लिहू नका. ते दवाखान्याचं काम आहे.

लोकांचे अनुभव मात्र वेगळ्या पानावर ठेवा. 'मला हे लागू पडलं' आणि 'अभ्यासातून हे दिसलं' ही दोन वाक्यं एका परिच्छेदात आली की वाचणारा पहिलंच धरतो.

---

देगलूर_मेडिकल

डॉक्टरसाहेब, अनुभव वेगळे, कबूल. पण काढून टाकू नका म्हणेन. आजींच्या पायाची सूज पुस्तकात 'पेरिफेरल एडिमा' आहे, काउंटरवर 'पाय उतलेत' आहे. ती भाषा अनुभवातूनच येणार. कुणाला औषधाचा वाईट परिणाम झाला तर तो सरकारकडे कळवायचा फॉर्म सामान्य माणसालाही भरता येतो, फोन १८००-१८०-३०२४, टोल फ्री. १४ वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाला हे माहीत असलेलं दिसलं नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी तो नंबर टाकू या.

---

सिडको_एन७

मी संभाजीनगरचा. तीन वर्षं बटनवर होतो, आता तीन वर्षं नाही. ताई, तुमचा आखाड्यावरचा प्रसंग वाचून दोनदा फोन खाली ठेवला.

आमच्यात कुणी माहिती शोधत नव्हतं असं नाही. शोधायचो. पण पहिल्याच ओळीत 'तरुणाई बरबाद करणारे विष' लिहिलेलं असलं की पुढं कोण वाचणार? ते आमच्यासाठी लिहिलेलं नसतं, आमच्याबद्दल लिहिलेलं असतं. पानावर 'नशेखोर', 'गर्दुल्ला' असे शब्द येऊ देऊ नका. 'ही गोळी घेणारा' एवढं पुरे आहे. त्याला वाटलं पाहिजे की लिहिणाऱ्याला मी जगावा असं वाटतंय.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात वर हेच लिहा: एकदम बंद करू नका. माझ्या घरच्यांना कळलं तेव्हा वडलांनी मला खोलीत कोंडलं, प्रेमानंच. बाहेरून कडी. पहिली रात्र झोप नाही, दुसऱ्या दिवशी हातातला चहाचा कप धरवेना, चहा सगळा अंगावर. तिसऱ्या दिवशी फिट आली. आईला वाटलं मी नाटक करायलोय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ही गोळी हळूहळू उतरवायची असते, आठवडेच्या आठवडे, देखरेखीखाली. आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. वडील अजून त्या कडीकडं पाहत नाहीत. म्हणून ते पान पोरांच्या आधी आईबापांसाठी लिहा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर फुकट आहे, तोही टाका. मला तो दवाखान्याच्या भिंतीवर पहिल्यांदा दिसला, तेव्हा फिट येऊन गेली होती.

मी लिहायला तयार आहे. पण नाव दिसलं तर माझी आत्ताची नोकरी जाईल. त्याचं काय?

---

परभणीचे_गुरुजी

बाळा, टोपणनावानं खातं काढ, ईमेल द्यायची गरज नाही. खात्याशिवाय लिहू नकोस, तेव्हा इंटरनेटचा पत्ता नोंदला जाऊ शकतो. ताई, अनुभवाच्या पानांवर गाव, वय, दवाखान्याचं नाव कुणाचंही लिहू द्यायचं नाही, हा नियम आजच करा. तपासणीसाला तेवढं एक काम जास्तीचं.

---

कंधारची_आशाताई

मी आशा वर्कर आहे. मोठं लिहायला येत नाही, तरी सांगते. आमच्या बाया वाचत नाहीत, ऐकतात. मोबाइलवर पान उघडलं की बोलून दाखवणारं बटण ठेवा, आणि आवाज आपल्याकडच्या बाईचा ठेवा, बातम्यावाल्या बाईसारखा नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाया अंगदुखीच्या गोळ्या पट्ट्याच्या पट्ट्या नेतात. उपाशीपोटी घेतात, वर काळा चहा. मग पोटात आग पडली म्हणून येतात. हे पहिल्या पानांत घ्या. आणि पाळी चुकल्यावर परस्पर घेतात त्या गोळ्या. नवऱ्याकडून आणवतात, किती आठवडे गेले ते कुणी मोजत नाही. अंगावरून जास्त जायलं तरी घरात सांगत नाहीत. 'किती रक्त गेलं म्हणजे दवाखान्यात जायचं' एवढंच लिहा, घड्या बदलायच्या हिशेबानं लिहा, मिलीत कुणाला कळत नाही.

मला फोटो पाठवा, मी बायांना दाखवून कळलं का नाही ते सांगते.

---

देगलूर_मेडिकल

आशाताई, तुम्ही म्हणालात ते 'दाखवून कळलं का नाही' हेच आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं. कोणतंही पान तुमच्याकडून तपासून आल्याशिवाय खुलं करायचं नाही. डॉक्टरसाहेब औषधाचं बरोबर-चूक पाहतील, तुम्ही कळतंय का ते पाहाल. दोघांचं हो आलं की पान दिसेल. माझ्या प्रश्नातलं 'तपासणार कोण' सुटलं.

आधी वीस पानं घेते. अॅम्लोडिपिन, पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळ्या, पुड्यांतलं स्टेरॉइड, शिंदी, फवारणीचं औषध, पाळी चुकल्यावरच्या गोळ्या. बाकीची काउंटरवर वही ठेवलीय. महिनाभर लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढते, त्यातून निवडू.

सिडकोच्या भाऊ, 'बटन'ची सुरुवात काल रात्री लिहिली. अशी आहे:

"ही झोपेची गोळी आहे, खरं नाव नायट्राझेपाम. शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. घरात कुणी रोज घेत असेल तर कोंडू नका, गोळ्या फेकून देऊ नका. एकदम बंद केल्यानं फिट येऊ शकते. डॉक्टरकडे न्या, गोळी हळूहळू कमी करतात. दारूबरोबर घेतली असेल आणि माणूस हलवून उठत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, श्वास सावकाश झाला असेल, तर १०८ लावा. उताणा ठेवू नका, कुशीवर करा, एकटा सोडू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, पट्टी मिळाली तर सोबत द्या. डॉक्टरांना इलाज ठरवायला तेच लागतं."

ह्यात तुम्हाला खुपणारा शब्द असेल तर खोडा. 'कोंडू नका' हे तुमच्या वडलांना वाचून दाखवता येईल असं झालंय का, तेवढं सांगा.

आणि आजी परवा आल्या होत्या, जुनी चिठ्ठी पिशवीत घालून. अॅम्लोडिपिनच निघाली. पाय सुजल्याचं ज्यांनी ती गोळी दिली त्यांना आजींनी सांगितलंच नव्हतं. लघवीची गोळी दुसऱ्याच दवाखान्यातून आलेली. मी दोन्ही गोळ्यांची नावं आणि सूज कधीपासून आहे ते एका कागदावर मराठीत लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे दिलं. गोळ्या दिल्या त्या कागदी पाकिटात, वर नाव ठळक लिहून. आता प्रत्येकालाच तसं देते, कात्री लागली तरी.

'अॅम्लोडिपिन'चं पान 'पाय सुजणे' आणि 'पाय उतणे' ह्या दोन्हींवरून उघडेल असं गुरुजींनी करून दिलंय. तुमच्याकडं ह्याला आणखी काय म्हणतात ते खाली लिहा. बीड, हिंगोली, लातूर, जिथले असाल तिथलं.